नमुन्याचा व्हिडिओ आडवा का पडतो व तो संगणकावर सरळ कसा करावा



पूर्वी नवा माल दाखवायचा म्हटले की हातभर तुकडा कापायचा, त्याला चिठ्ठी टाचायची आणि टपालाने किंवा एस.टी.च्या पार्सलने धाडायचा. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीचा तुकडा कोलकात्याच्या पेढीवर पोहोचून तिकडचा निरोप येईपर्यंत आठवडा-दीड आठवडा सहज जाई. आता गादीवर तागा उलगडावा, मोबाइलने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा आणि धाडावा. दुपारच्या नमाजेच्या आत जबाब हजर. ही सोय मोठीच आहे आणि तिने लहान मागवाल्यालाही परगावचा बाजार खुला करून दिला आहे.

पण या सोयीत एक खोट राहून गेली आहे. आपल्या मोबाइलवर जो व्हिडिओ सरळ दिसतो, तोच समोरच्या पेढीच्या संगणकावर आडवा दिसतो. माणूस भिंतीवर झोपल्यासारखा, पंखा बाजूच्या भिंतीतून निघाल्यासारखा. हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट वाटते. भांड्याच्या किंवा चपलेच्या व्यापाऱ्याला ती हसण्यावारी नेता येईल, कारण भांडे आडवे दिसले तरी भांडेच असते. कापडाचे तसे नाही. कापडाला दिशा असते. ताणा कुठे, बाणा कुठे, काठ कोणत्या अंगाला, पट्टा लांबीत की पन्ह्यात, यावर त्याचा उपयोग आणि भाव ठरतो.

व्हिडिओत माणूस, टेबल किंवा दार दिसत असेल तर पाहणाऱ्याला लगेच कळते की चित्र आडवे आहे. तो मान वाकडी करून पाहील, फार तर चिडेल. पण आपण सहसा कापड जवळून दाखवतो. वीण दिसावी, छपाईची सफाई दिसावी म्हणून मोबाइल इतका खाली आणतो की चौकटीत कापडाशिवाय काहीच उरत नाही. अशा वेळी चित्र आडवे झाले आहे हे पाहणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. तो लांबीत जाणारा पट्टा पन्ह्यात समजतो आणि त्या समजुतीवर मागणी देतो. पडद्याच्या कापडात हा फरक म्हणजे सगळाच सौदा. आमच्या बाजारात अशा एका सौद्यात चाळीस तागे परत आले. जाण्याचे भाडे, येण्याचे भाडे, हंगाम गेला तो वेगळाच, आणि दोन्ही पेढ्यांना आपापली बाजू खरी वाटत होती. खोटे कोणीच बोलले नव्हते. व्हिडिओ आडवा होता, इतकेच.

ट्विलच्या कापडात तर आणखी बारीक घोटाळा होतो. ड्रिल, गॅबर्डिन, डेनिम यांची तिरकी रेघ खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जात असेल तर ती उजवी ट्विल, आणि उलट असेल तर डावी. उजव्या ट्विलचे चित्र एक चतुर्थांश फिरवा, तिची रेघ डाव्या ट्विलसारखी दिसू लागते. विश्वास बसत नसेल तर कागदावर तिरकी रेघ ओढून कागद फिरवून पाहावा. म्हणजे आडव्या व्हिडिओत माल नुसता वाकडा दिसत नाही, वेगळाच माल दिसतो.

बाण न वाचणारा हमाल

हे का होते ते समजून घेतले तर इलाज लक्षात राहतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी जी चकती असते ती मोबाइलच्या लांब बाजूला धरून पक्की बसवलेली असते. मोबाइल हातात उभा धरला म्हणजे ती चकती त्याच्या मानाने कललेली राहते. ती फिरत नाही. त्यामुळे उभ्या मोबाइलने घेतलेला व्हिडिओ मुळात आडवाच नोंदला जातो. मग तो मोबाइलवर सरळ कसा दिसतो? मोबाइलमध्ये एक छोटी चिप असते, तिला जमिनीची ओढ जाणवते. मोबाइल उभा आहे की आडवा हे ती सांगते. मोबाइल प्रत्येक चित्र फिरवत बसत नाही, तो व्हिडिओच्या फाइलीत एक छोटी नोंद करून ठेवतो की ‘दाखवताना इतके अंश फिरवून दाखवावे’.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर मोबाइल माल आडवाच भरतो आणि खोक्यावर ‘ही बाजू वर’ असा बाण छापतो. समोरचा हमाल बाण वाचणारा असेल तर खोके नीट उभे ठेवतो. बाण न वाचणारा असेल तर जसे हातात आले तसे टेकवतो. संगणकातला व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम म्हणजे तो हमाल.

आजचे बहुतेक प्रोग्राम हा बाण वाचतात. पण अनेक दुकानांतून टॅलीसाठी घेतलेले जुने संगणक अजून चालू आहेत. विंडोज ७ मधला विंडोज मीडिया प्लेअर ही नोंद पाहतच नसे. ती विंडोज २००९ साली आली, आणि मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी तिला वाऱ्यावर सोडले, तरी तिच्यावर चालणारे हिशेब काही थांबले नाहीत. विंडोज ८ पासून ही अडचण बरीच कमी झाली. भिंतीवरच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून माल दाखवण्याची पद्धत आहे, तिथेही कित्येक जुने टीव्ही बाण वाचत नाहीत. शिवाय एका प्रोग्राममधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा व्हिडिओ फिरत गेला की वाटेत कधी कधी बाणच पुसला जातो.

फोटोंचीही हीच तऱ्हा आहे. त्यांच्या फाइलीत एक्झिफ नावाची नोंद असते, ती पद्धत जपानमध्ये १९९५ साली ठरली. तिच्यात चित्राच्या दिशेसाठी १ ते ८ असे आकडे ठरवून दिलेले आहेत. फोटो आडवा दिसला तर कारण तेच समजावे.

गादीवरच्या कापडाची खास अडचण

वर जी जमिनीची ओढ ओळखणारी चिप सांगितली, तिचा एक मोठा तोटा आपल्याच धंद्याच्या वाट्याला आला आहे. मोबाइल उभा किंवा आडवा धरला तर तिला खाली कोणती बाजू आहे हे कळते. पण मोबाइल सपाट धरला, म्हणजे त्याची पाठ सरळ जमिनीकडे केली, तर जमिनीची ओढ काचेतून आरपार जाते. मग उभे काय आणि आडवे काय, चिपला सारखेच. अशा वेळी मोबाइल आधीची जी दिशा त्याच्या लक्षात असेल तीच लिहून मोकळा होतो. आणि कापड दाखवताना आपण करतो काय? तागा गादीवर पसरतो आणि मोबाइल बरोबर वर सपाट धरतो. जरीवाले, चिकनकाम करणारे, चामड्याच्या वस्तू करणारे बंधूही वस्तू टेबलावर ठेवून वरूनच व्हिडिओ घेतात. म्हणून लग्नाच्या व्हिडिओपेक्षा मालाचे व्हिडिओ जास्त वेळा आडवे पडतात.

दुसरी गोष्ट. दिशेची नोंद लाल बटण दाबताना होते. बहुतेक मोबाइलांत मध्येच मोबाइल वळवला तरी ती बदलत नाही. एका हाताने तागा उलगडताना दुसऱ्या हातातला मोबाइल वळला की पुढचा भाग आडवा झालाच म्हणून समजावे.

यावर सोपी तोड आहे. मोबाइल आधी डोळ्यांसमोर उभा धरावा. पडद्यावरची चिन्हे त्या दिशेला वळली का ते पाहावे. मग लाल बटण दाबावे आणि त्यानंतर मोबाइल हळूहळू कापडावर आणावा. सुरुवातीची दोन सेकंदे भिंत किंवा मुनीमजी दिसतील, दिसू द्यावेत. उलट त्यांच्यामुळे व्हिडिओ सरळ आहे की नाही हे समोरच्याला कळते.

त्याहून चांगले म्हणजे कापडावर एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर लॉट नंबर आणि ताण्याच्या दिशेने एक मोठा बाण. बाण चेन्नईवालाही वाचतो आणि लुधियानावालाही, त्याला भाषा लागत नाही. ज्याच्याकडे मोजपट्टी आहे त्याने ती पन्ह्यावर आडवी टाकावी, म्हणजे एका दगडात दोन कामे होतात. आणि तोंडाने बोलावे: ‘ताणा वर-खाली, काठ डाव्या हाताला, पन्हा अमुक इंच.’ चित्र फिरले तरी आवाज फिरत नाही. मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नाही हे खरे. आमच्या मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, जुम्याच्या नमाजेनंतर अशा व्हिडिओंना निवांत वेळ मिळतो.

आधी दुखणे ओळखावे

संगणकाला हात लावण्यापूर्वी व्हिडिओला नेमके काय झाले आहे ते पाहावे. तीन-चार वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट ‘आडवा’ म्हणतात आणि मग भलताच इलाज करतात.

व्हिडिओ एका कुशीवर पडलेला असेल तर तो ९० किंवा २७० अंश फिरवावा लागतो. डोके खाली पाय वर असेल तर १८० अंश.

व्हिडिओ सरळ आहे, पण संगणकावर मधोमध चिंचोळा दिसतो आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, तर ते दुखणेच नाही. उभ्या मोबाइलचा व्हिडिओ १०८० रुंद आणि १९२० उंच असतो, संगणकाचा पडदा बरोबर उलट मापाचा. उभे चित्र आडव्या पडद्यावर असेच बसणार. हे पट्टे घालवण्यासाठी काही जण चित्र ताणतात. तसे केले की चौकडी लांबट होते, गोल बुट्टी लंबगोल होते, म्हणजे मालच बदलला. काही जण वरचे-खालचे कापून आडवे करतात. त्यात जेमतेम एक तृतीयांश चित्र उरते. पट्टे राहू द्यावेत. समोरचा व्यापारी मोबाइलवरच पाहणार असेल तर उभा व्हिडिओ हाच उत्तम.

चौथा प्रकार आरशाचा. समोरच्या कॅमेऱ्याने, म्हणजे ज्याने आपण स्वतःचा फोटो काढतो त्याने व्हिडिओ घेतला तर काही मोबाइलांत डावे-उजवे बदललेले निघते. किनारीवर छापलेले मिलचे नाव उलटे वाचावे लागते. मागे भिंतीवर आयतचा तुगरा असेल तर आपल्या डोळ्याला तो लगेच खटकतो, कारण उजवीकडून डावीकडे जाणारे हरफ डावीकडून निघतात. हे दुखणे फिरवून कधीच बरे होत नाही. त्यासाठी ‘फ्लिप’ किंवा ‘मिरर’ असे वेगळे बटण असते. आणि आडव्या व्हिडिओला चुकून हेच बटण दाबले तर एकाची दोन दुखणी होतात.

मागाच्या बिघाडाचा व्हिडिओ फिटरला पाठवणाऱ्यांनी हा भेद खास लक्षात ठेवावा. व्हिडिओ कितीही फिरवला तरी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणारे चाक तसेच फिरताना दिसते. आरशातल्या व्हिडिओत मात्र ते उलटे फिरते, आणि डावीकडून निघालेला धोटा उजवीकडून निघालेला दिसतो. फिटर त्यावरून भलतीच बाजू खोलायला सांगेल.

संगणकावरचा इलाज

पहिला सल्ला: जिथे फक्त पाहायचे आहे तिथे फाइलीला हात लावू नये, प्रोग्राम बदलावा. व्हीएलसी नावाचा प्रोग्राम फुकट आहे, जाहिराती नाहीत. नारिंगी-पांढऱ्या शंकूचे चिन्ह, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसे. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या कामातून तो उभा राहिला आणि आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो चालवते. २०१५ साली आलेल्या त्याच्या २.२ या आवृत्तीपासून तो मोबाइलचा बाण आपोआप वाचतो. जुन्या संगणकावर तो बसवला की निम्म्याहून जास्त आडवे व्हिडिओ काही न करता सरळ दिसू लागतात. मात्र तो व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. त्याच्या नावाने नकली माल विकणारे पुष्कळ आहेत.

बाणच पुसला गेला असेल किंवा मुळात चुकीचा पडला असेल तर व्हीएलसीत व्हिडिओ उघडून कंट्रोल आणि ई ही बटणे एकत्र दाबावीत. एक खिडकी उघडते. तिच्यात ‘व्हिडिओ इफेक्ट्स’, त्यात ‘जिऑमेट्री’, तिथे ‘ट्रान्सफॉर्म’पुढे खूण करावी आणि खालच्या यादीतून ९० अंश निवडावे. डोके खाली गेले तर २७० निवडावे. डावे-उजवे पाठ करण्याची गरज नाही, एक करून पाहावे, नाही जमले तर दुसरे. याने फक्त पडद्यावरचे चित्र फिरते, फाइल जशीच्या तशी राहते. काम झाल्यावर ती खूण काढून टाकावी, नाहीतर पुढचा चांगला व्हिडिओही आडवा दिसेल आणि तुम्ही पाठवणाऱ्याला बोल लावाल. व्हीएलसीतून फिरवलेला व्हिडिओ नव्या फाइलीत उतरवताही येतो, पण तो रस्ता फार वळणांचा आहे. दुकानदाराने त्यात वेळ घालवू नये असे माझे मत.

फाइल कायमची सरळ करायची तर विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प नावाचा प्रोग्राम सोबत येतो. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २०२१ साली विकत घेतली. (जुन्या लोकांना मूव्ही मेकर आठवत असेल. त्यात फिरवण्याची दोन बटणे समोरच असत. जानेवारी २०१७ मध्ये तो बंद केला, चांगली वस्तू मोडीत काढण्याचा या मोठ्या कंपन्यांना शौकच आहे.) क्लिपचॅम्पमध्ये व्हिडिओ आत घ्यावा, खालच्या पट्टीवर ओढून सोडावा, त्यावर एकदा टिचकी मारावी. चित्राजवळ छोटी बटणे येतात, त्यात गोल बाणाचे बटण फिरवण्याचे. एकेका टिचकीला ९० अंश. चित्र उभे झाले की चौकटीचे मापही उभे करावे, ‘नऊ-सोळा’ असे लिहिलेले असते ते. हे विसरले तर उभा व्हिडिओ आडव्या चौकटीत कायमचा लहान होऊन बसतो. मग ‘एक्स्पोर्ट’ दाबून १०८० चे माप निवडावे. या मापापर्यंत पैसे पडत नाहीत आणि चित्रावर शिक्काही उमटत नाही. याला मायक्रोसॉफ्टचे खाते आणि इंटरनेट मात्र लागते.

मध्येच मोबाइल वळल्यामुळे अर्धा व्हिडिओ सरळ व अर्धा आडवा झाला असेल तर इथेच त्याचा इलाज होतो. वळला त्या जागी ‘स्प्लिट’ करून दोन तुकडे करावेत, फक्त आडवा तुकडा फिरवावा आणि दोन्ही एकत्र उतरवावेत.

अ‍ॅपलचा संगणक असेल तर काम आणखी सोपे. क्विकटाइम प्लेअरमध्ये व्हिडिओ उघडून ‘एडिट’ या यादीतून ‘रोटेट लेफ्ट’ किंवा ‘रोटेट राइट’ निवडावे आणि जतन करावे. संपले.

संगणकच नसेल तर मोबाइलवरही होते. अँड्रॉइडवाल्यांनी गुगल फोटोजमध्ये व्हिडिओ उघडून ‘एडिट’, मग ‘क्रॉप’, मग फिरवण्याचे चिन्ह आणि शेवटी ‘सेव्ह कॉपी’. आयफोनमध्ये २०१९ पासून त्याच्या फोटोंच्या प्रोग्राममध्येच ही सोय आहे, आणि मन बदलले तर मूळ व्हिडिओ परत मिळतो.

बाण बदलावा की माल पुन्हा भरावा

फिरवण्याच्या दोन पद्धती आहेत. कोणता प्रोग्राम कोणती वापरतो यावर पुढचा त्रास ठरतो.

एक पद्धत फक्त बाण बदलण्याची. फाइलीतली छोटी नोंद तेवढी बदलते, चित्र जसेच्या तसे राहते. एका सेकंदात काम होते आणि सफाईत काडीचाही फरक पडत नाही. पण जो हमाल बाण वाचतच नाही त्याच्यापुढे याचा उपयोग शून्य. दुसरी पद्धत म्हणजे खोके उघडून माल सरळ भरणे. प्रत्येक चित्र खरोखर फिरवून फाइल नव्याने लिहिली जाते. त्याला वेळ लागतो, आणि नव्याने दाबून भरताना चित्राची थोडी सफाई जाते. एकदा केले तर डोळ्याला जाणवत नाही. त्याच फाइलीवर चार-पाच वेळा केले तर बारीक वीण पुसट होऊ लागते. फायदा असा की ही फाइल कुठेही सरळच दिसते, जुन्या टीव्हीवरसुद्धा.

म्हणून पेन ड्राइव्हने टीव्हीवर किंवा प्रदर्शनात दाखवायचे व्हिडिओ दुसऱ्या पद्धतीने करावेत. क्लिपचॅम्प दुसऱ्या पद्धतीनेच काम करतो. ज्यांच्याकडे शेकडो व्हिडिओ आहेत आणि घरात संगणक शिकलेला मुलगा किंवा भाचा आहे त्यांनी त्याला एफएफएमपेग हे नाव सांगावे. २००० साली फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला हा फुकट प्रोग्राम आहे. त्याला बटणे नाहीत, हुकूम टाइप करावे लागतात, पण तो दोन्ही पद्धतींनी काम करतो आणि एका हुकमात अख्खे कपाट भरून व्हिडिओ सरळ करून देतो. भाचा आधी नाक मुरडेल, मग त्यालाच गोडी लागेल.

यात एक सापळा आहे. कधी एखादा प्रोग्राम माल सरळ भरतो, पण खोक्यावरचा जुना बाण पुसायला विसरतो. मग बाण न वाचणाऱ्या जुन्या संगणकावर व्हिडिओ सरळ दिसतो आणि बाण वाचणाऱ्या नव्या मोबाइलवर आडवा. लोक चक्रावून पुन्हा फिरवतात आणि गुंता वाढतो. म्हणून दुरुस्त केलेली फाइल आपल्याच संगणकावर पाहून समाधान मानू नये. ती एकदा व्हीएलसीत आणि एकदा दुसऱ्या एखाद्या मोबाइलवर पाहावी. दोन्हीकडे सरळ दिसली तरच ग्राहकाकडे धाडावी.

मूळ फाइल कधीही पुसू नये. तिच्या नावात लॉट नंबर घालून वेगळ्या कप्प्यात ठेवावी आणि दुरुस्त केलेल्या फाइलीच्या नावापुढे ‘सरळ’ असे लिहावे. उद्या तंटा झाला तर काय पाठवले होते हे मूळ फाइलच सांगेल.

तंट्याचा विषय निघालाच आहे तर कायद्याचे दोन शब्द. आपल्याकडचा मालविक्री कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे माल वर्णनावरून विकला असेल तर तो वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, आणि कलम १७ नमुन्यावरून केलेल्या विक्रीचे आहे. नमुना आणि वर्णन दोन्ही दिले असतील तर माल दोन्हींशी जुळावा लागतो. व्हिडिओ हा नमुना की वर्णन यावर वकील मंडळी वाद घालू शकतील, पण व्हिडिओसोबत ‘पट्टा ताण्यात, पन्हा इतका’ एवढे लेखी पाठवले असेल तर वादाला जागाच कमी राहते. हनफी फिक्हमध्ये खियार-ए-रूयत आहेच, म्हणजे न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर सौदा ठेवण्याचा किंवा मोडण्याचा खरीददाराला हक्क. व्हिडिओत पाहिलेला माल पाहिलेला धरावा काय, हे उलमांना विचारावे. व्यापाऱ्याने इतके करावे की व्हिडिओ सरळ करण्याच्या निमित्ताने कडेचा डाग किंवा तुटलेली तार कापून टाकू नये. फिरवणे ही दुरुस्ती आहे. ऐब चौकटीबाहेर ढकलणे ही दगाबाजी होईल, आणि क्रॉपचे बटण फिरवण्याच्या बटणाला अगदी खेटून असते.

फुकट संकेतस्थळांविषयी

इंटरनेटवर ‘व्हिडिओ फुकट फिरवून मिळेल’ अशा पाट्या पुष्कळ दिसतील. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तुमचा व्हिडिओ आधी त्यांच्या संगणकावर चढवावा लागतो. लग्नाचा व्हिडिओ असेल तर तुमची मर्जी. पण ईदच्या हंगामासाठी तयार केलेली नवी डिझाइन, जी अजून बाजारात उतरलेली नाही, ती अनोळखी माणसाच्या संगणकावर ठेवायची काय याचा विचार करावा. आपल्या धंद्यात डिझाइन उचलायला किती वेळ लागतो हे भिवंडी-सुरतवाल्यांना सांगायला नको. वर सांगितलेले कोणतेही साधन असताना तिकडे जाण्याचे कारण नाही.

धाडताना

सरळ केलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर तो पुन्हा दाबला जातो आणि बारीक वीण पुसट होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यात एचडी पाठवण्याची सोय आली, ती वापरावी. त्याहून चांगले म्हणजे व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा. असा पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोहोचते, २ जीबीपर्यंत चालते.

समोरून ‘आवाज येतो, चित्र काळे’ असा निरोप आला तर तो दिशेचा दोष नव्हे. नवे मोबाइल, विशेषतः आयफोन, जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी नावाच्या नव्या बांधणीत व्हिडिओ भरतात आणि जुन्या संगणकाला ती उघडता येत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात ‘फॉर्मॅट्स’, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की पुढचे व्हिडिओ जुन्या बांधणीत निघतात. फाइली साधारण दुप्पट जड होतात, पण उघडतात. आधीच काढलेले व्हिडिओ समोरच्या पेढीला व्हीएलसीत उघडून पाहायला सांगावे.